अनाथोथचं शेत आणि चार मेणबत्त्या

६ डिसेंबर १९९२ हा रविवार होता, आगमनकाळातला, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, दुसरा. त्या सकाळी मुंबईतल्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या वेळी जे पहिलं वाचन झालं, ते बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातलं होतं. लांडगा कोकराजवळ राहील, चित्ता करडाजवळ बसेल, वासरू आणि सिंहाचा छावा एकत्र असतील आणि एक लहान मूल त्यांना वळेल. माणसं हे ऐकून घरी गेली. दुपारी अयोध्येची बातमी आली, आणि त्यानंतर या शहरात जे पेटलं ते जानेवारीपर्यंत धुमसत राहिलं. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात दोन्ही महिन्यांतल्या ९०० मृत्यूंची नोंद आहे.

ते वाचन त्या दिवसासाठी मुद्दाम कुणी निवडलेलं नव्हतं. कॅथलिक चर्चचा रविवारचा वाचनक्रम तीन वर्षांचा असतो: अ, ब आणि क. १९६९च्या आगमनकाळापासून तो तसाच फिरतो आहे. हिशेब सोपा आहे. ज्या इसवी सनाला तीनाने नि:शेष भाग जातो ते ‘क’ वर्ष. त्यापुढचं ‘अ’, त्यापुढचं ‘ब’. मात्र हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ते बदलतं. म्हणून १९९२च्या डिसेंबरात १९९३चं ‘अ’ वर्ष चालू झालेलं होतं, आणि ‘अ’ वर्षातल्या दुसऱ्या रविवारी लांडगा आणि कोकरूच वाचायचं असतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये वाचनं थोडी वेगळी असू शकतात, काही ठिकाणी पाळक स्वतः निवडतात. पण चार रविवारांची चाल बहुतेक सगळीकडे सारखी असते.

सोळा वर्षांनी पुन्हा तसंच झालं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटीवर, कामा हॉस्पिटलच्या गल्लीत, लिओपोल्डमध्ये, नरिमन हाउसमध्ये, ओबेरॉय आणि ताजमध्ये गोळीबार सुरू झाला. ताजमधली शेवटची चकमक २९ तारखेला, शनिवारी सकाळी संपली. १६६ माणसं गेली होती. दुसऱ्याच दिवशी, ३० तारखेला, आगमनकाळाचा पहिला रविवार आला, वर्ष ‘ब’. पहिलं वाचन यशयाच्या त्रेसष्टाव्या आणि चौसष्टाव्या अध्यायांतलं: तू आकाश फाडून खाली उतरलास तर किती बरं होईल, आम्ही सगळे पानांसारखे सुकून गेलो आहोत. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, मार्कच्या तेराव्या अध्यायातलं: घरधनी परगावी गेला आहे, त्यानं दारावरच्या माणसाला जागं राहायला सांगितलं आहे, आणि तो कधी परत येईल ते ठाऊक नाही. संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे. तीन रात्री टीव्हीसमोर जागून काढलेल्या शहरापुढे हे वाचलं गेलं. २०२०मध्येही वर्ष ‘ब’च सुरू झालं. राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला उघडली होती, २९ला पहिला रविवार होता, आणि मास्क लावून अंतर ठेवून बसलेल्या माणसांनी पुन्हा तेच ऐकलं: आकाश फाडून ये.

या तारखा जुळल्या याचं नवल नाही. आगमनकाळाचे पहिले दोन आठवडे आपत्तीबद्दलच असतात, आणि आपत्ती कुठल्याही वर्षी दूर नसते. तिन्ही वर्षांच्या पहिल्या रविवारी शुभवर्तमानात गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत, मरीया आणि योसेफही नाहीत. आहे ते एवढंच: जागे राहा. लूकच्या एकविसाव्या अध्यायात तर समुद्राच्या गर्जनेनं राष्ट्रं घाबरीघुबरी होतात आणि माणसांचा भीतीनं प्राण जातो. दुसऱ्या रविवारी बाप्तिस्मा देणारा योहान रानात ओरडतो. मरीयेचं घर चौथ्या रविवारी येतं. ज्याला दुःखाच्या वर्षात नाताळ जवळ आल्याची धास्ती वाटते, त्याच्यासाठी ही रचना मोठी दिलाशाची आहे. पहिल्या दिवशी आनंदी असण्याची कुणाची अपेक्षाच नाही.

बिघडतं कुठे, तर आपण नाताळ १ डिसेंबरलाच सुरू करतो. मॉलमध्ये दिवाळीचे कंदील उतरले की लगेच तारे चढतात. मंडळीतही पहिल्या आठवड्यापासून स्नेहसंमेलनं, केकची ऑर्डर, सांताक्लॉज, कॅरलच्या तालमी. मग ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्या घरात केमोथेरपी चालू आहे, ज्याची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि भाडं चार महिने आलेलं नाही, त्या माणसाला वाटतं की हा सण आपल्यासाठी नाही. खरं तर आधीचे चोवीस-पंचवीस दिवस चर्चनं त्याच्यासाठीच राखून ठेवलेले असतात. आपण ते सजावटीखाली झाकून टाकतो. तालमी करू नयेत असं कुणी म्हणत नाही. पण चर्चमधला मोठा तारा आणि येशूजन्माच्या देखाव्याचा भरलेला गोठा तिसऱ्या रविवारपर्यंत थांबला तर काही अडत नाही, आणि पहिल्या दोन रविवारांच्या वाचनांना त्यांचा आवाज परत मिळतो.

मराठीत ही गोष्ट फार पूर्वीच नीट समजलेली होती. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राचोलच्या छापखान्यातून बाहेर आलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. त्यातले पहिले छत्तीस अवस्वर (अध्याय), म्हणजे सगळं पहिलं पुराण, ख्रिस्तजन्माच्या आधीचं आहे: निर्मिती, पतन, प्रलय, राजे, संदेष्टे, बंदिवास. उरलेले एकोणसाठ दुसऱ्या पुराणात. म्हणजे चार हजारांहून जास्त ओव्यांचा पल्ला ओलांडायचा आणि मग बेथलेहेम. ऐकायला बसलेल्या गोव्याच्या साष्टीतल्या माणसांना त्यानं वाट पाहायला लावली, आणि लोकांनी ती ओव्यांच्या चालीवर पिढ्यानपिढ्या पाहिली.

आता ज्या संदेष्ट्यांची वाचनं येतात, त्यांची माणसं कुठे उभी होती ते पाहावं. यशयाचा सातवा अध्याय ‘अ’ वर्षात चौथ्या रविवारी येतो. इम्मानुएल, म्हणजे ‘देव आपल्याबरोबर’, हे नाव तिथलं. इसवी सनापूर्वी ७३५च्या सुमाराला अराम आणि इस्राएल अशी दोन राज्यं मिळून यरुशलेमवर चालून येत होती. वाऱ्यानं रानातली झाडं हालावीत तसं राजा आहाज आणि त्याच्या लोकांचं काळीज हाललं, असं तिथे लिहिलं आहे. यशयाला सांगितलं जातं की वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परटाच्या शेताच्या रस्त्यावर जाऊन राजाला भेट. राजा तिथे का होता हे मजकूर सांगत नाही, पण वेढा पडणार असेल तर राजा आधी पाणी बघतो, हे समजायला कठीण नाही. देव आपल्याबरोबर आहे हे वचन मंदिरात दिलेलं नाही. जिथे कपडे धुतले जात आणि पाण्याची काळजी केली जात होती, तिथल्या बोलण्यातून ते पुढे आलं. धोबीघाटावरून महालक्ष्मी स्टेशनकडे रोज जाणाऱ्या माणसाला ही जागा डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडू नयेत.

पण मला विचाराल तर संकटातल्या आशेचा सगळ्यात नेमका दस्तऐवज यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात आहे, आणि तो अक्षरशः दस्तऐवज आहे. साल साधारण इसवी सनापूर्वी ५८७. बाबेलच्या राजानं यरुशलेमला वेढा घातलेला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैद, कारण शहर पडणार असं तो उघड बोलत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमपासून पाचेक किलोमीटरवर. वेढ्याच्या बाहेर, म्हणजे शत्रूच्या हातात. त्या शेताची किंमत त्या दिवशी शून्य होती. यिर्मयानं ते घेतलं. आणि लेखकानं व्यवहाराची एकही पायरी गाळलेली नाही: खरेदीखत लिहिलं, मोहर केली, साक्षीदार बोलावले, सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. शेकेल साधारण अकरा ग्रॅमचा धरला तर ही एकशे नव्वद ग्रॅमच्या आतबाहेरची चांदी होते. खताच्या दोन प्रती, एक मोहरबंद, एक उघडी. दोन्ही सगळ्यांदेखत आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या आणि सांगितलं, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

मुंबईकराला रजिस्ट्रेशन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पण यातली खरी जागा पुढच्या ओळींत आहे. खत बारूखच्या हाती दिल्यानंतर यिर्मया प्रार्थना करतो, आणि त्या प्रार्थनेत गोंधळ आहे. वेढ्याचे मोर्चे शहरापर्यंत आलेत, तलवार, दुष्काळ आणि मरी यांनी शहर शत्रूच्या हाती गेल्यातच जमा आहे, आणि तू मला म्हणतोस पैसे मोजून शेत घे? म्हणजे आधी चांदी तोलली, शंका नंतर बोलून दाखवली. मन तयार झाल्यावर त्यानं व्यवहार केला असं झालं नाही. ख्रिस्ती आशा बहुतेकदा याच क्रमानं येते. वाटण्याआधी ती केली जाते. ज्यांना वाटतं की आधी श्रद्धा घट्ट व्हावी आणि मग आपण मेणबत्ती लावू, त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा. ‘क’ वर्षाच्या पहिल्या रविवारी दावीदाच्या वंशातल्या धुमाऱ्याबद्दलचं जे वाचन येतं, ते याच्या पुढच्याच अध्यायातलं आहे, आणि तेव्हाही तो त्याच चौकात कैद होता.

मुंबईतही असा एक दस्तऐवज रस्त्यावर उभा आहे. वांद्र्याच्या गल्ल्यांत, गिरगावात, माझगावच्या जुन्या वस्तीत नाक्यानाक्यावर जे क्रूस दिसतात, त्यांतले बरेच प्लेगच्या वर्षांतले. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी ही साथ म्हणजे प्लेग आहे हे ओळखलं. काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. जी राहिली, त्यांतल्या ख्रिस्ती वस्त्यांनी उघड्यावर क्रूस उभारले आणि संध्याकाळी त्यांच्यापुढे जमून प्रार्थना केली. त्याच हिवाळ्यात भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. क्रूस उभारणारे आणि लस करणारे एकमेकांच्या विरोधात नव्हते. साथ ओळखणारा डॉक्टर स्वतः गोव्याचा कॅथलिक होता. आशा म्हटली की कुणी तरी हात जोडून बसून राहतं अशी जी समजूत असते, ती या शहराच्या इतिहासात टिकत नाही.

असा एखादा क्रूस जवळून पाहावा. चौथऱ्यावर मेणाचे थर साचलेले असतात, जुने काळपट, त्यांवर पिवळे, वर कालचे पांढरे. आडव्या दांड्यावर झेंडूचा हार, तोही बहुधा रोजच्या फुलवाल्याकडचा. तारीख कोरलेली असली तर ती ऑइल पेंटच्या दरवर्षीच्या हातांनी बुजत चाललेली असते. अक्षरांच्या खाचेत रंग भरला की वाचता येत नाही. रंग देणाऱ्यांनी खाचा कोरड्या ब्रशने साफ करून मग पातळ हात द्यावा. ज्यांनी ती तारीख कोरली त्यांच्यापैकी कुणाला साथ कधी संपेल हे माहीत नव्हतं, एवढं तरी पुढच्यांना वाचता यायला हवं.

घरातल्या आगमनकाळासाठी बहुतेक जण चार मेणबत्त्यांचं चक्र लावतात. ही चाल फार जुनी नाही आणि चर्चमध्ये सुरूही झालेली नाही. १८३९मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्‍रिख विखर्न यांनी निराधार मुलांच्या संस्थेत गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रोजची एक लहान तांबडी आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, कारण नाताळ कधी येणार म्हणून मुलं सारखी विचारायची. पुढे चारच उरल्या. कॅथलिक घरांत तीन जांभळ्या, एक गुलाबी. आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावं त्यांना नंतर पडली. क्रम ठिकठिकाणी वेगळा असतो, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत हे कसं जमवायचं? स्टीलचं मोठं ताट घ्यावं, त्यात दोन बोटं जाडीचा वाळूचा थर. वाळूत मेणबत्ती इंचभर रुतली की कलंडत नाही, आणि पान पेटलं तरी आग ताटाबाहेर जात नाही. फरची फांदी मुंबईत शोधत बसू नये. दादरच्या फुलबाजारात मोरपंखी मिळते. वसई-विरारकडून येणारे सुरूची फांदी आणतात. काहीच नसेल तर सोसायटीतल्या अशोकाची पानं. पानं ज्योतीपासून निदान तीन इंच खाली ठेवावीत आणि दर शनिवारी बदलावीत, कारण पंख्याखाली ती चार दिवसांत वाळतात आणि वाळलेली मोरपंखी भसकन पेटते. माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेर किंवा माउंट मेरीच्या वाटेवर मेणबत्त्यांच्या टपऱ्या असतात. जांभळी नाहीच मिळाली तर पांढरीला जांभळी फीत बांधावी, पण अगदी बुडाशी. मध्यावर बांधलेली फीत दुसऱ्या आठवड्यात ज्योतीपर्यंत पोचते.

पाऊण इंच जाडीची मेणबत्ती तासाला साधारण इंचभर जळते. रोज दहा मिनिटं लावली तर अठ्ठावीस दिवसांत पहिलीचे पाचेक इंच जातात. म्हणून आठ इंची घ्यावी, ती पुरते. सहा इंची घेतली आणि रोज वीस मिनिटं लावली तर तिसऱ्या रविवारच्या आसपासच संपते आणि मग चक्र अर्धवट दिसतं. पण हा हिशेब पंखा बंद असेल तरच. मुंबईत डिसेंबरातही पंखा चालू असतो. वाऱ्यानं ज्योत एका बाजूला झुकते, मेण त्या बाजूनं ओघळतं आणि मेणबत्ती दुप्पट वेगानं जाते. दहा मिनिटं पंखा बंद करावा. काळवंडून वाकलेली वात रोज पाव इंच ठेवून कापावी, नाहीतर धूर होतो आणि छताला डाग पडतो. आगमनकाळ किती दिवसांचा हेही आधी पाहावं. नाताळ रविवारी आला, २०२२ सारखा, तर पूर्ण अठ्ठावीस दिवस मिळतात. सोमवारी आला, २०२३ सारखा, तर बावीसच. तेव्हा चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी येतात, आणि चौथी मेणबत्ती जेमतेम एक संध्याकाळ जळते.

वेळ कुठली? सगळे घरात असतील ती. शिफ्ट, कल्याणची लोकल आणि क्लास यांतून सगळे रोज एकत्र येणं बहुतेक घरांत शक्य नसतं, आणि रोजचा आग्रह धरला की दुसऱ्याच आठवड्यात सगळं सुटतं. रविवार आणि बुधवार ठरवावा. इतर दिवशी जो घरी असेल त्यानं एकट्यानं लावावी. लांबलचक कार्यक्रम नको. पंखा बंद, मेणबत्ती, त्या दिवसाचं वाचन एकदा मोठ्यानं, दोन मिनिटं गप्प, मग त्या दिवशीच्या बातम्यांतली एक बातमी आणि आपल्या ओळखीच्या एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. फोन शेजारच्या खोलीत. खोलीच एक असेल तर डब्याखाली. बातम्या आधी पाहून घ्याव्यात, नंतर नाही. प्रार्थना झाल्यावर पुन्हा युद्धाचे व्हिडिओ उघडले तर झोपताना मनात तेच राहतात. आणि नाव नेमकं असावं. ‘जगात शांती नांदो’ म्हणून आपण सुटून जातो. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं बायोप्सीचं उत्तर गुरुवारी आहे’ म्हटलं की गुरुवारी त्यांच्या दारावर जावं लागतं.

घरात मुलं असतील तर गोठ्यासाठी गहू पेरावेत. मूठभर गहू रात्रभर भिजवायचे, सहा इंची ताटलीत ओल्या कापडावर किंवा पातळ मातीवर दाट पसरायचे, दोन दिवस वरून झाकून ठेवायचे, मग खिडकीत. पेरायचे १३ डिसेंबरच्या सुमाराला. मुंबईच्या उबेत दहा-अकरा दिवसांत ते वीतभर होतात. उत्साहानं १ तारखेला पेरले तर नाताळपर्यंत पिवळे पडून आडवे होतात. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. तळाशी साचलं की बुरशी येते आणि आंबूस वास सुटतो. गोठ्यातली गव्हाण २४च्या रात्रीपर्यंत रिकामी असू द्यावी. काही घरांत मुलं रोज एखाद्याचं काम करून तिच्यात पेंढ्याची एक काडी टाकतात. ही चाल चांगली आहे, फक्त काड्या मोजून भावंडांत शर्यत लावू नये.

तिसरा रविवार आनंदाचा, गुलाबी मेणबत्तीचा. आणि ‘अ’ वर्षात त्याच दिवशी वाचन येतं ते तुरुंगातलं. योहान हेरोदाच्या कैदेत आहे. ज्यानं यार्देनच्या काठावर बोट दाखवून लोकांना सांगितलं की येणारा तो हा, तोच आता शिष्यांना पाठवून विचारतो: येणारे ते आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू त्याला रागावत नाही, आणि हो किंवा नाही असंही सरळ म्हणत नाही. जे ऐकता आणि पाहता ते योहानाला जाऊन सांगा, म्हणतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवर्तमान सांगितलं जातं. योहान तुरुंगातून सुटला नाही, त्याचा शिरच्छेद झाला. चर्चनं आनंदाच्या रविवारी हे वाचन ठेवलं, यात मला फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो. ज्याची प्रार्थना ऐकली गेलेली नाही त्यालाही गुलाबी मेणबत्तीजवळ बसता येतं. संशय हा योहानालाही आला, आणि त्याच वेळी येशू लोकांना सांगत होता की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कुणी नाही.

‘क’ वर्षात हाच योहान बाहेर आहे आणि लोक त्याला विचारतात, मग आम्ही काय करावं? उत्तरं इतकी नेमकी आहेत की टाळायला जागा उरत नाही. दोन अंगरखे असतील त्यानं एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचंही तसंच. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाला धमकावून पैसे काढू नयेत, पगारात भागवावं. कुणालाही नोकरी सोडून रानात यायला सांगितलेलं नाही. आहे त्या खुर्चीवर बसून काय करायचं तेवढंच.

मुंबईत याचं रूप रोजच्या वाटेवर सापडतं. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांची माणसं पदपथावर राहतात. डिसेंबरच्या पहाटे तिथे गारठा असतो. त्यांना जाड रजई देऊ नये, सामान उचलून रोज जागा बदलणाऱ्याला ती ओझं होते. धुऊन दोन तासांत वाळणारी सुती चादर द्यावी, आणि शिजवलेलं अन्न नेण्याआधी रुग्णाला काय चालतं ते विचारावं. केमोच्या दिवसांत तिखट, तेलकट बहुतेकांना जात नाही. आपल्या हाताखाली कुणी काम करत असेल तर त्याचा पगार २४च्या आत द्यावा. घर भाड्यानं दिलं असेल तर ज्याची नोकरी गेली आहे त्याला भाडेवाढीची नोटीस डिसेंबरात पाठवू नये. पापनिवेदनाला जायचं असेल तर दुसऱ्या आठवड्यात जावं. २३ तारखेच्या रांगेत धर्मगुरूंना प्रत्येकासाठी जेमतेम दोन मिनिटं मिळतात, आणि ज्याला वर्षभराचं काही सांगायचं आहे तो ते गिळून परत येतो.

२०२३च्या डिसेंबरात खुद्द बेथलेहेममध्ये नाताळचे सार्वजनिक सोहळे झाले नाहीत. तिथल्या लुथरन चर्चनं गव्हाणीच्या जागी पडलेल्या घराचे दगड-विटा रचून त्यात बाळ ठेवलं. उपासना मात्र झाली.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे, तिथला प्रश्न वेगळा असतो. आपल्याकडे अशा घरात त्या वर्षी तारा लागत नाही, करंज्या तळल्या जात नाहीत, कॅरलवाले दारापुढून गप्प पुढे जातात. यामागची लाज आणि माया दोन्ही खऱ्या आहेत. पण तारा नको म्हणजे चक्रही नको असं होऊ नये. आगमनकाळाचा रंग जांभळा आहे, तो दुःखाला बाहेर ठेवत नाही. त्या घरातल्यांना मेणबत्ती लावण्याचं बळ नसेल तर शेजाऱ्यानं जाऊन लावावी, वाचन त्यानंच करावं आणि बोलणं त्यांच्यावर सोडावं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नये. घरातले दिवसभर तेच नाव मनात घेत असतात, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर हलकं वाटतं.

कॅरलची टोळी नेणाऱ्यांनी यादी करताना अशी घरं वेगळी काढावीत, वगळू नयेत. आधी फोन करून विचारावं. हो म्हणाले तर ढोलकी आणि गिटार जिन्यात ठेवून चौघांनीच आत जावं, एकच गीत म्हणावं, तेही आगमनाचं, जन्माचं नको. नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं. फराळाचा डबा मात्र जावाच, दिवाळीत जातो तसा. तो २० तारखेच्या आत द्यावा, त्यानंतर सगळे आपापल्या घरात अडकतात आणि डबा २६ला पोचतो. गोडाबरोबर त्यात थोडं तिखटमिठाचंही असावं, कारण अशा घरात त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांना चहाबरोबर काय द्यायचं हा प्रश्न रोज पडतो, आणि दुकानात जायला कुणी उठत नाही.